दुपारच्या झोपेचा मुहूर्त

या वेळच्या पत्राचा सारांश आधी देते. पत्रलेखिका पुण्यात कोथरूडला राहतात आणि नोकरी करतात. मुलगी सात वर्षांची आहे, मुलाला आता चौथे वर्ष पूर्ण होईल. सासर सांगलीला, माहेर नाशिकला. त्या लिहितात :

“गेल्या दिवाळीत आम्ही वसुबारसेच्या रात्री ऑफिस सुटल्यावर निघून पहाटे दीडला सांगलीत पोहोचलो. चार दिवस तिथे राहून पाडव्याच्या संध्याकाळी परत निघालो, रात्री पुण्यात टेकलो आणि भाऊबीजेच्या पहाटे नाशिकची वाट धरली. दुपारी दोन वाजता माझ्या लेकीने आपल्या भावाला ओवाळायला घेतले, तर तो पाटावर बसेना. सगळ्यांनी आग्रह केला तेव्हा त्याने पाय झाडले, ताम्हणाला लाथ बसली आणि निरांजन लेकीच्या नव्या परकरावर कलंडले. कोणाला भाजले नाही हे नशीब. मी सर्वांसमोर त्याच्या पाठीत धपाटा घातला. आई म्हणाली, ‘आमच्या वेळी मुले अशी नव्हती.’ वहिनी काही बोलली नाही, पण तिने आपल्या मुलाला जवळ ओढून घेतले, ते मला जास्त लागले. सासरीही ‘फार लाडावलाय’ हे ऐकून झालेच होते. यजमान म्हणतात, चारच दिवसांचा प्रश्न आहे, सांभाळून घे. यंदा दिवाळी जवळ आली तशी मला आनंद होण्याऐवजी पोटात गोळा येतो आहे. लेकीला किल्ला करायचा आहे, चुलत भावांबरोबर फटाके उडवायचे आहेत, आणि मला मात्र फक्त हे सगळे पार पडावे असे वाटते. मुलांना शिस्त लावायला मी कुठे कमी पडते आहे?

ता. क. सासूबाईंनी यंदा माझ्या हातचे अनारसे मागितले आहेत. तेही करू का?”

स. न.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेऊन केवळ तास मोजले. वसुबारसेच्या रात्रीपासून भाऊबीजेच्या दुपारपर्यंत तुमच्या मुलाने तीन घरे आणि साडेसहाशे किलोमीटरच्या वर रस्ता पाहिला. त्यातली पहिली रात्र अर्धी गाडीत गेली, नरकचतुर्दशीला पहाटे उठणे झाले, लक्ष्मीपूजनाला जागरण झाले, आणि भाऊबीजेला पुन्हा पहाटे उठून प्रवास झाला. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी, दुपारची झोप धरून, दहा ते तेरा तास झोप लागते. तुमच्या वर्णनावरून त्याला त्या आठवड्यात सरासरी आठ तासही मिळाले नसावेत. अशा अवस्थेतल्या मुलाला अनोळखी माणसांच्या कोंडाळ्यात, टोचणारा झब्बा घालून, जेवणही उशिरा मिळाले असताना पाटावर स्वस्थ बसवणे हे शिस्तीचे काम नाही. तुम्ही शिस्तीत कमी पडला नाहीत; तुमच्या सगळ्या कुटुंबाने मिळून त्या मुलाच्या अंगात उरलेले सगळे बळ खर्चून टाकले होते, आणि ते नेमके ओवाळणीच्या वेळी संपले.

आपण लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त किती काटेकोरपणे पाळतो ते आठवून पाहा. संध्याकाळी प्रदोषकाळात पूजा व्हायची म्हटली की कोणी चहासाठी थांबत नाही, कोणी पाहुण्याला ‘अजून थोडे बसा’ म्हणत नाही, सारे घर घड्याळाकडे बघून हलते आणि त्यात कोणाला जाचही वाटत नाही. मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे : यंदा मुलाच्या दुपारच्या झोपेला आणि रात्री निजण्याच्या वेळेला तेवढाच मान द्या, आणि बाकी सगळा कार्यक्रम त्या दोन वेळांच्या अवतीभवती बसवा. आजवर तुम्ही उलटे करत आलात. कार्यक्रम आधी ठरला आणि झोप जिथे फट सापडेल तिथे कोंबली गेली. बाकीच्या सूचना मी पुढे देणार आहे, पण त्यांतल्या अर्ध्या विसरलात तरी चालेल. ही विसरू नका.

याची सुरुवात प्रवासापासून करावी लागेल, कारण खरी चूक तिथे आहे. वसुबारसेच्या रात्री ऑफिस सुटल्यावर निघणे म्हणजे पुण्यातून बाहेर पडणाऱ्या सगळ्या गर्दीबरोबर निघणे. धनत्रयोदशीच्या सकाळी, मुले नेहमीच्या वेळी उठून, पोटभर न्याहारी करून निघाली तर काहीही बिघडत नाही. साताऱ्याच्या अलीकडे-पलीकडे एकदा थांबून त्यांना अर्धा तास मोकळे पळू द्या. हॉटेलच्या टेबलाशी बसवून ‘गप्प बस’ म्हणणे ही विश्रांती नव्हे. घाटात उलटी होत असेल तर निघताना दूध देऊ नका, कोरडा पदार्थ द्या, आणि गाडीत मोबाइल हातात देऊ नका, कारण मान खाली घालून पडद्याकडे पाहिले की मळमळ वाढते. मुलगा पुढच्या सीटवर तुमच्या मांडीवर बसत असेल तर ते मात्र आजपासून बंद. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीचे आसन नसेल तर एक हजार रुपये दंड आहे; पण दंडाचे जाऊ द्या, अचानक ब्रेक लागला तर आईच्या हातांची मिठी त्याला धरून ठेवू शकत नाही.

आता नाशिकचा प्रश्न. पाडव्याला सांगली आणि भाऊबीजेला नाशिक हे दोन लहान मुलांना घेऊन करण्यासारखे नाही, आणि गंमत म्हणजे परंपरेनेही तुमच्यावर ते बंधन घातलेले नाही. यमद्वितीयेची कथा आठवा : यमुना यमाकडे गेली नव्हती, यम बहिणीच्या घरी जेवायला गेला होता. भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचे, तिच्या हातचे जेवायचे आणि ओवाळून घ्यायचे, ही मूळची रीत आहे. सगळ्या बहिणींनी मुलाबाळांसह माहेरी धाव घ्यायची हे सोयीने पडलेले वळण आहे. ते वळण वाईट नाही, माहेरची ओढ मलाही कळते. परंतु यंदा तुमच्या भावाला, वहिनीला आणि आईवडिलांना कोथरूडला बोलवा. तुमच्या आईला प्रवास झेपणारा नसेल तर पुढच्या शनिवार-रविवारी तुम्ही नाशिकला जा. आपल्याकडे तुळशीचे लग्न लागेपर्यंत दिवाळी संपली असे कोणी म्हणत नाही, आणि उशिरा झालेल्या भाऊबीजेने कुठल्या भावाचे आयुष्य उणे झाल्याचे मी तरी ऐकलेले नाही. वहिनीला हे तुम्ही स्वतः फोन करून सांगा. तिने आपले मूल जवळ ओढले याचा जो अर्थ तुम्ही लावला आहे तो कदाचित खरा असेलही. पण निरांजन कलंडल्यावर कोणतीही आई आपले मूल आधी जवळ ओढते, हाही एक अर्थ आहे.

सांगलीच्या घरी झोपेचा नियम टिकवायचा तर तो तुम्ही मांडू नका. हे मी जाणीवपूर्वक लिहिते आहे. दुपारी दीड वाजता घरात पंधरा माणसे जेवायला बसली असताना सून मुलाला उचलून आतल्या खोलीत गेली की ते ‘पुण्याचे नखरे’ ठरतात. मुलगा आपल्या लेकराला खांद्यावर टाकून निजवायला गेला तर त्याच माणसांना बापाचे कौतुक वाटते. हा न्याय आहे असे मी म्हणत नाही, पण चार दिवसांत न्याय प्रस्थापित करण्यापेक्षा मूल झोपणे महत्त्वाचे आहे. शिवाय यजमानांनी जे ‘सांभाळून घे’ म्हटले त्याचे हेच चोख उत्तर आहे. त्यांच्याकडे ‘मदत’ मागू नका. मदत मागितली की काम तुमचेच राहते आणि आठवण करून देण्याचे एक नवे काम त्यात वाढते. एक अख्खी जबाबदारी त्यांच्याकडे सोपवा : सांगलीत असेपर्यंत मुलाची झोप, दुपारची आणि रात्रीची, त्यांच्याकडे. अंथरूण कुठे घालायचे, खोलीतला गोंगाट कसा कमी करायचा, आत्याबाईंना ‘आता उठवू नका’ असे कोणी सांगायचे, हे सगळे त्यांनी पाहावे. पहिल्या दिवशी ते विसरतील. तेव्हा तुम्ही उठू नका.

आणि ही बोलणी दिवाळीत व्हायला नकोत, दिवाळीच्या दोन आठवडे आधी व्हावीत. त्यांनीच आईला फोन करावा. मी त्यांच्या जागी असते तर असे काहीसे म्हटले असते : “आई, यंदा आम्ही धनत्रयोदशीला दुपारपर्यंत पोहोचतो, रात्री येत नाही. गेल्या वर्षी पोरगा झोपेवाचून फार किरकिरा झाला होता. या वेळी त्याला दीडच्या आत जेवायला घालून मी झोपवीन, मग संध्याकाळी तो तुझ्यामागे पणत्या लावायला ताजातवाना असेल. तू त्याचे पान थोडे आधी वाढशील का?” यात तक्रार नाही, आजीला नातवाची ताजी संध्याकाळ मिळणार आहे आणि तिच्याकडे एक कामही दिले आहे. ज्येष्ठांना नियम ऐकवले की राग येतो. त्यांच्यावर विश्वास टाकून एखादी गोष्ट सोपवली की बहुधा ती नीट होते.

पहाटेच्या अभ्यंगस्नानाचे तुम्ही पत्रात निराळे लिहिलेले नाही, पण साडेचारला सगळ्यांना उठवण्याची प्रथा तुमच्याकडे असावी असे दिसते. दिवाळीच्या सुमारास आपल्या भागात सूर्योदय साडेसहाच्या आसपास असतो. पावणेसहाला मूल उठवले तरी स्नान सूर्योदयाच्या आतच होते आणि शास्त्रही मोडत नाही. आदल्या रात्री ते नऊच्या आत निजले पाहिजे एवढीच अट. तेल आदल्या संध्याकाळीच कोमट करून एकदा अंगाला चोळून पाहा, म्हणजे पहाटे ते त्याला नवे वाटणार नाही. उटण्यात नागरमोथा, कचोरा, आंबेहळद अशी द्रव्ये असतात. एखाद्याच्या नाजूक कातडीला ती चुरचुरतात, म्हणून आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडे लावून पाहा आणि चेहरा वगळा. उटणे डोळ्यांत गेले की मुलाची सगळी दिवाळी तिथेच संपते. कारीट फोडण्याचे काम मात्र त्यालाच द्या. डाव्या पायाच्या अंगठ्याने ते चिरडायचे आणि ‘गोविंदा’ म्हणून ओरडायचे, यात चार वर्षांच्या मुलाला जो पराक्रम वाटतो तो आपल्याला फुकटात मिळालेला आहे. सगळ्या सणात लाथ मारायला अधिकृत परवानगी असलेली हीच एक वस्तू.

लेकीच्या किल्ल्याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण मला वाटते, तुमची दिवाळी सावरण्याची किल्ली त्यातच आहे. पत्रात तुम्ही किल्ल्याला फटाक्यांच्या बरोबरीने ‘आणखी एक काम’ म्हणून मोजले आहे. तसे ते नाही. सात वर्षांच्या मुलीला पाच-सहा दिवस पुरेल, रोज थोडे थोडे करता येईल, चिखलात हात घालता येतील आणि धाकट्या भावालाही बरोबर घेता येईल असे दुसरे काम माझ्या तरी माहितीत नाही. किल्ला सांगलीच्या अंगणात करा, पुण्याच्या सोसायटीत नको, म्हणजे तो तिला तिथे गेल्यावर मिळेल आणि चुलत भावांनाही त्यात ओढता येईल. आजोबांना आधी निरोप धाडा : पोते, चार विटा, दगड आणि दोन-तीन घमेली लाल माती जमवून ठेवा. मावळे, बुरुजावरचा पहारेकरी, सिंहासनावरचे महाराज ही मातीची चित्रे पुण्यात कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात मिळतात. निघण्याआधी एका संध्याकाळी तिला तिकडे घेऊन जा आणि दहाच चित्रे निवडायची मुभा द्या. दहा, वीस नव्हे, कारण निवडण्यातच तिचा तास जाईल. किल्ल्यावर हिरवळ हवी असेल तर अळीव पेरा, दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात. मोहरीला थोडे अधिक लागतात. पेरलेल्यावर रोज सकाळी पाणी शिंपडण्याचे काम मुलाचे. शिंपडणी हातात आल्यावर तो निम्मी माती वाहून नेईल हे गृहीत धरा आणि लेकीला आधीच सांगून ठेवा की मागची बाजू भावाची आहे, तिथे तो हवा तेवढा चिखल करील, तटबंदी आणि दरवाजा तुझा.

एक पथ्य मोठ्यांसाठी आहे. किल्ले सुरू मुले करतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचे काका आणि बाबा ते ताब्यात घेतात. मुले मग बाजूला उभी राहून दगड पुरवतात. तुमच्या यजमानांना आणि दिरांना सांगा की लेक बोलावेल तेव्हाच हात लावायचा. किल्ला वाकडा झाला तर वाकडा होऊ द्या. तो प्रतापगडासारखा दिसला नाही तरी तिच्या लेखी तो प्रतापगडच असतो.

फटाक्यांबाबत तुम्ही दोन मनांत आहात हे दिसते, आणि तुम्हाला एक ठाम उत्तर हवे आहे. माझे उत्तर असे : चार वर्षांच्या मुलाच्या हातात काहीही नको, फुलबाजीसुद्धा नको. फुलबाजी निरुपद्रवी वाटते, पण तिच्या टोकाचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि विझल्यावर काळी पडलेली तार बराच वेळ तशीच तापलेली असते. बहुतेक लहान मुले जळत्या फुलबाजीने नव्हे तर फेकून दिलेल्या तारेवर पाय पडून भाजतात, असा माझा अनुभव आहे. सात वर्षांच्या लेकीला फुलबाजी द्यायची असेल तर एका वेळी एकच, हात लांब करून, सुती कपड्यांत, पायांत चप्पल घालून आणि मोठ्या माणसाने शेजारी उभे राहून द्यावी. बादलीभर पाणी आधी भरून ठेवावे आणि प्रत्येक तार त्यात पडली याची खात्री करावी. नागगोळी तर आणूच नका. आवाज नाही म्हणून ती बाळांसाठी सुरक्षित असा आपला समज आहे; पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने विद्यार्थ्यांच्या मदतीने २०१६ मध्ये निरनिराळ्या फटाक्यांचा धूर मोजला, त्यात सर्वांत जास्त सूक्ष्म कण नागगोळीतून निघाले होते, आणि मुले तर ती बघायला तोंड तिच्याजवळ नेतात.

सांगलीतल्या मोठ्या पुतण्यांना तुम्ही थोपवू शकणार नाही, थोपवायला जाऊही नका. त्यांच्या वडिलांना एवढेच विचारा की बॉम्ब घराच्या मागच्या मोकळ्या जागेत, मुले आत असताना लावता येतील का. कायदा तुमच्या बाजूने आहे : चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणाऱ्या फटाक्यांना बंदी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीत रात्री आठ ते दहा अशी दोन तासांचीच वेळ ठरवून दिली. पण दिरांशी बोलताना कायद्याचे पुस्तक उघडू नका. मूल आठला झोपायला जाते आणि दचकून उठते, एवढे कारण घरच्या माणसांना पुरते. आणि कोणी भाजलेच, तर त्या जागेवर नळाचे साधे गार पाणी वीस मिनिटे सोडत राहायचे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांपैकी काही लावायचे नाही. स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून डॉक्टरांकडे न्यायचे, आणि जखम मोठी असेल किंवा चेहरा, हात, सांधा भाजला असेल तर १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका मागवायची. हे घरातल्या दोघा-तिघांना आधी माहीत असू द्या, कारण त्या क्षणी घाबरून कोणीतरी टूथपेस्ट घेऊन धावतेच.

तुमच्या पत्रात एका ओळीत जावेच्या दहा महिन्यांच्या बाळाचा उल्लेख आहे, म्हणून दोन धोके सांगून ठेवते. हल्ली पणत्यांऐवजी बॅटरीवर लुकलुकणारे दिवे सगळीकडे असतात, त्यांत नाण्याएवढी चपटी बटनबॅटरी असते. ती रांगत्या बाळाने गिळली तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. ज्या दिव्याचे झाकण स्क्रूने बंद होत नाही तो खाली ठेवूच नये, आणि बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. दुसरे म्हणजे चिवडा. त्यातले अख्खे शेंगदाणे आणि डाळे पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात, विशेषतः पळता पळता मूठभर तोंडात टाकले तर. मुलाच्या वाटीतले दाणे वेचून काढा आणि ‘बसूनच खायचे’ हा एक नियम सगळ्या लहान मुलांना एकदमच लावा.

गोड किती खाऊ द्यायचे याचा जाच मी तुम्हाला लावणार नाही. जेवण वेळेवर झाले तर लाडू आपोआप कमी जातो. जेवण तीनपर्यंत लांबले की मूल अकरापासून शंकरपाळ्यांच्या डब्यापाशी असते, आणि मग कोणी ‘जेवत नाही हो हा’ म्हणते.

राहिला तो धपाटा. तुम्ही त्याबद्दल दोनच वाक्ये लिहिली आहेत, पण पत्र त्यासाठीच लिहिले आहे असे मला वाटते. मुलाला तो आता बहुधा आठवत नसेल. तुम्हाला आठवतो, कारण तो मुलाला मारलेला नव्हता; तुमच्यावर रोखलेल्या डोळ्यांना दाखवण्यासाठी मारलेला होता, की बघा, मी काही लाडावून ठेवत नाही. हे कळल्यावर पुढच्या वेळी काय करायचे ते सोपे होते. मुलाने सर्वांसमोर भोकाड पसरले की त्याला उचलून दुसऱ्या खोलीत न्या, दार लोटा, खाली त्याच्या उंचीला बसा आणि फार बोलू नका. ‘दमलास. मी इथे आहे.’ एवढे पुरते. उपदेश, प्रश्न, धमकी, चॉकलेट, यांतले काहीही त्या दहा मिनिटांत त्याच्या डोक्यात शिरत नाही. रडे ओसरले की पाणी द्या. बाहेर लोक काय म्हणत असतील ते दार बंद असल्यामुळे तुम्हाला ऐकू येणार नाही, हा त्याचा दुसरा फायदा.

आणि एक बंदोबस्त नक्की करा. यंदा कोणीतरी, प्रेमानेच, त्याला विचारणार : “काय रे, या वर्षी पण निरांजनाला लाथ मारणार का?” ही गोष्ट घरात दरवर्षी हसत सांगितली गेली तर पाच-सहा वर्षांत तो स्वतःला तसाच समजू लागेल. भावाला आणि आईला आधीच सांगून ठेवा की तो विषय त्याच्यासमोर काढायचा नाही. पाया पडण्याचेही तसेच. ‘आजोबांना नमस्कार कर’ असे एकदा म्हणावे. केला तर उत्तम, नाही केला तर तुम्ही स्वतः वाकून नमस्कार करावा. आज नाही तर पाडव्याला तो तुमचे पाहून वाकेल. मान धरून वाकवलेल्या नमस्कारातून आजोबांना काही मिळत नाही.

भाऊबीजेची ओवाळणी यंदा सकाळी, न्याहारी झाल्यावर लगेच उरकून घ्या. पंगतीची वाट पाहू नका. कोथरूडच्याच घरी असल्यामुळे त्याला आदल्या रात्रीची झोप मिळालेली असेल. नवा झब्बा दोन दिवस आधी धुऊन मऊ करून ठेवा, आणि तरीही टोचला तर जुना टी-शर्ट चालेल. पाटावर एकटा बसत नसेल तर मामाने मांडी घालून बसावे आणि त्याला मांडीवर घ्यावे. लेकीने निरांजन स्वतः धरण्याचा हट्ट धरला तर धरू द्या, तिच्या दिवसाचे तेच मोठेपण आहे. फक्त तिच्या हाताखाली तुमचा हात असावा आणि ताम्हण खोलगट, मोठे घ्यावे. आधी मामाला ओवाळून दाखवा म्हणजे पुढे काय होणार ते त्याला दिसेल. तीन वेळा ओवाळले, कपाळाला टिळा लागला, हातात काही पडले की त्याला उठू द्या. फोटोसाठी पुन्हा बसवू नका.

भाऊबीजेनंतर शाळेला आणखी सुट्टी असते आणि तुम्ही दोघे मात्र कामावर जाता. त्या दिवसांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते की प्रवासावरून आल्यावर निदान एक दिवस दोघांपैकी एकाने रजा ठेवावी आणि त्या दिवशी काहीही करू नये. फराळाचे डबे पोहोचवायलासुद्धा जाऊ नये.

आता तुमची ता. क. अनारसे करू का असे विचारता. तुम्हाला करायला आवडत असतील तर करा, केवळ मागितले म्हणून करणार असाल तर सासूबाईंना मोकळेपणाने सांगा : “आई, यंदा मला जमेल असे वाटत नाही, पीठ मी करून आणते, तळणे तुमच्याकडे.” तांदूळ तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून, सावलीत निथळवून आणि कुटून गुळात मळलेले पीठ बरेच दिवस टिकते, म्हणून ते दिवाळीच्या पुष्कळ आधी, एखाद्या निवांत रविवारी करून ठेवता येईल. डबा गाडीत सर्वांत शेवटी, वर ठेवा. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मुलगा बापाजवळ झोपलेला असताना, लेक किल्ल्यावर असताना, तुम्ही दोघी स्वयंपाकघरात बसा. तुम्ही खसखशीवर थापा, त्यांनी खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडावा आणि न उलटता झाऱ्याने वरून तूप उडवत राहावे. जाळी नीट पडली नाही तर पिठात किंचित दूध घालून पाहा.